प्रोब नेमका कुठे टेकवायचा?

१९५५च्या जुलैत ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड रेनफ्र्यू इथल्या बॉयलरच्या कारखान्यात गेले. सोबतच्या दोन मोटारींच्या डिक्कीत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी होत्या. पोलादातल्या न दिसणाऱ्या भेगा शोधायला कारखान्यात ध्वनिलहरींचं यंत्र वापरत, ते डोनाल्डना या गाठींवर लावून पाहायचं होतं. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडाही दिला. पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्या दिवशी त्यांना दिसलं.

पुढे त्यांच्याकडे एक बाई आली. जठराचा कर्करोग, आता काही करता येणार नाही, असं तिच्याबाबत ठरून गेलं होतं. डोनाल्ड यांच्या यंत्राला मात्र तिच्या पोटात द्रवाने भरलेली प्रचंड गाठ सापडली. ती अंडाशयाची निघाली, काढली, आणि बाई वाचली. डोनाल्ड, त्यांचे सहकारी डॉक्टर मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राउन यांचा शोधनिबंध १९५८मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की आधी गरोदरपण आठवतं. पण त्या निबंधाचा मुख्य विषय पोटातल्या गाठी हाच होता.

आपल्याला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफी यंत्राचा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा भाग, त्याच्या शेकडो पट, म्हणजे साधारण २० लाख ते दीड कोटी कंपनांचा आवाज शरीरात सोडतो. मऊ भागांतून तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो आणि जिथे एक थर संपून दुसरा सुरू होतो, तिथून त्यातला थोडा परत येतो. परतायला लागलेल्या वेळावरून खोली कळते, जोरावरून उजळपणा ठरतो. पित्तासारख्या स्वच्छ द्रवातून काहीच परतत नाही, म्हणून पित्ताशय पडद्यावर काळं दिसतं. त्यातला खडा मात्र पांढरा चमकतो आणि त्याच्या मागे गडद सावली पडते. डॉक्टर मध्येच कुशीवर वळायला सांगतात ते याचसाठी: खडा घरंगळतो, पित्ताशयाच्या भिंतीला चिकटलेला पॉलिप जागचा हलत नाही.

हवेपुढे हा आवाज हतबल होतो. त्वचा आणि प्रोब यांच्यात हवेचा पातळ थर राहिला तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच माघारी फिरतो. जेली लावतात ती त्यासाठी. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशीपोटी या, असं सांगतात त्याला दोन कारणं आहेत. एक आतड्यातला गॅस, आणि दुसरं म्हणजे खाल्ल्यावर पित्ताशय आकसतं, मग त्यात काय आहे ते नीट दिसत नाही. दुधाचा चहासुद्धा नको. उलट, ओटीपोट पाहायचं असेल तर पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगतात, कारण भरलेलं मूत्राशय आतडी बाजूला सारतं आणि त्याच्यामधून गर्भाशय स्वच्छ दिसतं. बाकावर ताटकळणाऱ्या बायकांना हे कुणी दोन वाक्यांत समजावून सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

हृदयावर हेच तंत्र स्वीडनमधल्या लुंड इथे एडलर आणि हेर्ट्झ यांनी १९५३मध्ये वापरलं. आज आपण त्याला ‘टू-डी इको’ म्हणतो. डॉपलरमध्ये वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या आवाजाची बदललेली कंपनं मोजतात. पायाच्या शिरेत गुठळी आहे का हे पाहायची रीत तर फारच साधी: प्रोबने शीर दाबायची. निरोगी शीर पूर्ण चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. अपघाताच्या रुग्णाच्या पोटात रक्त साचलंय का, ते खाटेजवळच काही मिनिटांत कळतं. यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे गरोदरपणात १८ ते २० आठवड्यांना बाळाचे अवयव तपासता येतात.

याच यंत्राने महाराष्ट्रात गर्भातल्या मुलीही हेरल्या गेल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८मध्ये इथेच झाला, केंद्राचा १९९४मध्ये आला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१मध्ये ९१३ होती, ती २०११मध्ये ८९४वर घसरली. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीआधी भरायचा ‘एफ’ फॉर्म, तिची सही, भिंतीवरचा फलक हे सगळं या कायद्यातून आलं. हा जाच वाटत असेल, तर ते आकडे पुन्हा वाचावेत.

सोनोग्राफी म्हणजे तयार फोटो नव्हे. प्रोब कुठे टेकवायचा, किती दाबायचा, कुठे थांबायचं, हे तपासणाऱ्याचा हात ठरवतो. आणि त्या हाताला दिशा रुग्णाच्या बोलण्यातून मिळते. म्हणून टेबलावर गप्प पडून राहू नका. कुठे दुखतं ते बोट ठेवून दाखवा, जुने रिपोर्ट सोबत न्या, आधी कसलं ऑपरेशन झालं ते सांगा. जठरातला अल्सर यात सहसा दिसत नाही. तेव्हा ‘नॉर्मल’ रिपोर्ट आला म्हणून पोटातली जळजळ खोटी ठरत नाही. अपेंडिक्स दिसलं नाही असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ ते गॅसआड किंवा खोलवर राहिलं असू शकतं इतकाच. उजव्या बाजूचं दुखणं वाढत असेल, ताप किंवा उलट्या असतील, तर तो रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे जायला हवं.