केशकर्तनालय आणि आपले आरोग्य

नित्याच्या व्यवहारात माणूस माणसावर अनेक प्रकारे विश्वास टाकीत असतो. पण केशकर्तनालयातील खुर्चीवर बसताना आपण जो विश्वास टाकतो, त्याला तोड नाही. मान मागे टाकून, डोळे मिटून, आपण आपला गळा दुसऱ्याच्या हातातील धारदार पात्याखाली देतो आणि एखादी डुलकीही काढतो. हा विश्वास बहुधा सार्थच ठरतो, कारण कारागिराचा हात कसलेला असतो. मात्र पात्याची धार जशी आपल्याला दिसते, तसे त्या धारेला चिकटून राहिलेले दुसऱ्याचे रक्त दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या धोक्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

नोकरीनिमित्त माझे वास्तव्य ज्या चंडीगड शहरात आहे, ते ल कार्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार १९५० नंतरच्या दशकात उभे राहिले. येथे प्रत्येक सेक्टरला स्वतःचा बाजार आहे, आणि त्या बाजारात वाण्याच्या व औषधांच्या दुकानांशेजारी केशकर्तनालयही असते. काचेची दारे, गार हवा, गुबगुबीत खुर्च्या असा त्याचा थाट असतो. त्याच सेक्टरच्या कडेला, झाडाच्या बुंध्याला आरसा टांगून आणि एक लाकडी खुर्ची मांडून, दुसरा कारागीर तेच काम करीत असतो. आपण पहिल्याला स्वच्छ म्हणतो आणि दुसऱ्याला अस्वच्छ. परंतु फरशीची चकाकी आणि पात्याची शुद्धता यांचा परस्परांशी काही संबंध नाही. झाडाखालच्या कारागिराने नवे पाते लावले आणि काचेच्या दुकानातील कारागिराने जुनेच चालविले, तर आरोग्याच्या दृष्टीने झाडाखालचे दुकान अधिक चांगले, असेच म्हणावे लागेल.

दाढी करताना कातडीला जी सूक्ष्म खरचटणी होतात, ती पुष्कळदा आपल्याला जाणवतही नाहीत. त्यांतून रक्ताचा अंश पात्याला लागतो. यकृताला ग्रासणारी जी कावीळ रक्तावाटे पसरते, तिचे दोन विषाणू महत्त्वाचे आहेत : हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी. पहिल्याचा माग बारूक ब्लूमबर्ग यांनी १९६० नंतरच्या दशकात लावला आणि त्यासाठी १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, निदान सात दिवस तग धरू शकतो. म्हणजे सोमवारी एखाद्याच्या गालावरून फिरलेले पाते शनिवारीही निर्धोक झालेले नसते. हे दोन्ही विषाणू वर्षानुवर्षे शरीरात मुकाट राहतात. ज्याला ते जडले आहेत त्याला स्वतःलाच पत्ता नसतो. मग शेजारच्या खुर्चीवरील माणसाला तो कोठून असणार?

पंजाबच्या परिसरात हा प्रश्न पुस्तकी नाही. हिपॅटायटिस सीचा प्रादुर्भाव त्या राज्यात इतका आढळला, की २०१६ साली राज्य सरकारने त्यावर मोफत उपचारांची योजना सुरू केली. चंडीगडच्या ‘पीजीआय’ या १९६२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय संस्थेतील तज्ज्ञांनी जिल्ह्याजिल्ह्यांतील डॉक्टरांना त्यासाठी तयार केले. पुढे २८ जुलै २०१८ रोजी अशाच स्वरूपाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. या रोगाच्या प्रसारास असुरक्षित इंजेक्शने हे मोठे कारण आहे, आणि न्हाव्याचे पाते हे त्यामानाने लहान; पण जे लहान कारण एका नव्या पात्याने दूर होते, ते शिल्लक ठेवण्यात शहाणपण कोणते?

आता उपायांकडे वळू. आज बहुतेक दुकानांत जुना वस्तरा जाऊन पाते अडकविण्याचा वस्तरा आला आहे. दुधारी पाते मधोमध मोडून त्याचा अर्धा भाग त्यात बसवितात. हा अर्धा भाग प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा असावा आणि त्याच्या डोळ्यांदेखत कागदातून काढलेला असावा, हा पहिला नियम. त्याची किंमत रुपया-दोन रुपयांच्या घरातली. वापरलेले पाते उघड्या केरात टाकू नये. झाकणाच्या जाड डब्यात साठवावे. एरवी दुकानात टळलेली जखम सकाळी केर उचलणाऱ्या सफाई कामगाराच्या हाताला होते.

कात्री, कंगवा, केस कापण्याचे यंत्र ही अवजारे काही प्रत्येक वेळी नवी आणता येत नाहीत. त्यांच्यासाठी क्रम असा : आधी साबणाच्या पाण्याने घासून धुणे, मग जंतू मारणे, मग कोरडे करून झाकून ठेवणे. धुण्याआधी जंतुनाशकात बुडविण्याचा उपयोग नाही, कारण केस, तेल आणि मळ यांच्या आड जंतू सुखरूप राहतात. सकाळी भरलेला जंतुनाशकाचा पेला संध्याकाळपर्यंत गढूळ होतो आणि त्यातच दिवसभर कंगवे बुडतात. हा केवळ समाधानाचा विधी होय. धातूची अवजारे वीस मिनिटे पाण्यात उकळावीत. निळ्या प्रकाशाची पेटी अनेक दुकानांत दिसते; पण तो प्रकाश जेथे प्रत्यक्ष पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर काम करतो, आणि मळ तर तो मुळीच काढीत नाही.

तुरटीचा खडा हा आपल्या जुन्या सवयीचा भाग. दाढीनंतर तोच खडा दहा जणांच्या ओरखड्यांवरून फिरतो. रक्त थांबविणारी वस्तू अशा रीतीने रक्ताची देवाणघेवाण करू लागते. त्याऐवजी तुरटीची पूड कापसावर घेऊन लावावी आणि कापूस टाकून द्यावा. टॉवेल आणि मानेभोवतीचे कापड यांचेही तेच. गजकर्ण, केसांच्या मुळांशी येणारी पुटकुळी आणि उवा यांचा प्रवास बहुधा याच वाटेने होतो. नेहमीच्या औषधांना न जुमानणारे गजकर्ण अलीकडच्या वर्षांत भारतात वाढले आहे, म्हणून मानेभोवती कागदाची स्वच्छ पट्टी लावून मगच कापड बांधणे आज अधिक अगत्याचे झाले आहे. स्त्रियांच्या सौंदर्यालयात भुवया कोरताना दोऱ्याचे टोक दातांत धरण्याची रीत आहे. तो दोरा प्रत्येकीसाठी नवा हवा, आणि त्याचे टोक मानेभोवती अडकविले तर दातांची गरजही उरत नाही.

स्वच्छतेबरोबर सुरक्षेचेही दोन शब्द. मालिशीच्या शेवटी मान झटक्याने ‘मोडून’ घेण्याची हौस पुष्कळांना असते. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना अशा झटक्याने इजा होऊ शकते. केस धुण्याच्या बेसिनवर मान फार वेळ मागे ताणून ठेवल्यानंतर मेंदूच्या रक्तपुरवठ्याचे विकार झालेल्या स्त्रियांची नोंद १९९३ साली अमेरिकेतील डॉक्टर मायकेल वाइनट्रॉब यांनी केली होती. तेव्हा मानेखाली टॉवेलची घडी ठेवावी आणि मान मोडण्यास नम्रपणे नकार द्यावा. केसांच्या काळ्या कलपाने काहींच्या कातडीला तीव्र दाह होतो. त्यासाठी दोन दिवस आधी कानामागे थेंबभर लावून पाहावा.

येथपर्यंत आपण गिऱ्हाइकाच्या बाजूने बोललो. पण धोका खुर्चीच्या एकाच बाजूस नाही. कारागिराच्या बोटाला स्वतःचीच कात्री लागते, आणि दिवसभरात किती अनोळखी माणसांच्या रक्ताशी त्याचा संबंध येतो! ओलसर हातांना साबणाने आणि रसायनांनी भेगा पडतात. दहा-बारा तास उभे राहून पायांच्या शिरा फुगतात. हिपॅटायटिस बीची लस आपल्या देशात बालकांना २०११ पासून सर्वत्र मिळू लागली; त्यामुळे आजच्या प्रौढ कारागिरांपैकी बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. सहा महिन्यांत तीन वेळा टोचून घेतली, की त्याचे संरक्षण होते. सीवर लस नाही. पण आज सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेक रुग्णांत पूर्ण बरा होतो, आणि सरकारी रुग्णालयांत ही तपासणी व औषधे मोफत मिळतात. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साबणाने हात धुणे आणि जखमेवर पट्टी बांधणे, ही कारागिराने स्वतःसाठी पाळावयाची शिस्त होय.

ही साधी गोष्ट आचरणात का येत नाही? कारण गिऱ्हाईक संकोचते. ‘पाते नवे आहे ना?’ असे विचारणे म्हणजे समोरच्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेणे, असे त्याला वाटते. आणि कारागिरालाही तो अपमान वाटू शकतो. या व्यवसायाने पिढ्यान्‌पिढ्या जी अवहेलना सोसली, तिचा सल त्यामागे आहे. हातांची सेवा हीच उपासना मानणाऱ्या संत सेना महाराजांची परंपरा आपण महाराष्ट्रात सांगतो. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबातही भक्त सैण यांचे एक पद आहे, आणि परंपरा या दोघांना एकच मानते. अशा व्यवसायाला प्रश्न विचारताना आवाजात अधिकार नसावा, आपुलकी असावी.

२०२० सालच्या साथीत या व्यवसायाची दुकाने बंद झाली आणि अनेक घरांच्या चुली थंडावल्या. त्या जूनच्या अखेरीस महाराष्ट्रात दुकाने उघडली तेव्हा केस कापण्याची परवानगी होती, दाढीची नव्हती. मुखपट्टी, एकदाच वापरावयाचे कापड, दर गिऱ्हाइकानंतर पुसलेली खुर्ची, हे सारे कारागिरांनी तेव्हा चोख करून दाखविले. म्हणजे ते अशक्य नाही. त्यासाठी पैसे मात्र पडतात, आणि स्वस्त दाढीचा हट्ट धरून वर नव्या पात्याची अपेक्षा करणे न्यायाचे नाही. नव्या पात्याचे आणि स्वच्छ कापडाचे दोन-चार रुपये आपण आनंदाने अधिक द्यावेत. मग कारागिराने न विचारताच पुडी फोडून पाते दाखवावे, आणि आपण निश्चिंतपणे डोळे मिटावेत. विश्वास तेथेही असेल. पण तो डोळस असेल.