समुद्रतळातला नांगर

धरणगावच्या शिवारात नांगर म्हटलं की फाळ, हाळीस, रुमणं आणि काळ्या मातीची उलटत जाणारी ढेकळं डोळ्यांपुढे येतात. समुद्र इथून लांब. पण सतराव्या शतकात याच गावात इंग्रजांची वखार होती. इथलं कापड सुरतेला जायचं आणि सुवालीच्या किनाऱ्यापुढे नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांवर चढायचं. शेतातला आणि जहाजावरचा, दोघांनाही मराठीनं एकच नाव दिलं आहे, आणि ते अगदी नेमकं आहे.

नांगर आपल्या वजनानं जहाज धरून ठेवतो, असं बहुतेकांना वाटतं. लाखभर टनांचं जहाज आठ-दहा टनांच्या लोखंडानं कसं थांबेल? तो धरतो तो जमिनीत रुतून. साखळीची ओढ आडवी लागली की त्याचे पंजे तळाच्या चिखलात शिरतात, फाळ शिरावा तसे. ओढ वरच्या दिशेनं लागली की तो उपटून निघतो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या पाच-सहा पट, कधी त्याहून जास्त साखळी सोडतात. तिचा बराच भाग तळाशी लोळत पडलेला असावा लागतो. त्या लोळण्यामुळेच ओढ आडवी राहते. ही साखळी शॅकलमध्ये मोजतात, एक शॅकल साडेसत्तावीस मीटरचा. चिखल आणि चिकणमाती नांगराला मानवते, खडकावर तो नुसता खरवडत जातो. १९३३ साली जी. आय. टेलर या इंग्रज शास्त्रज्ञानं पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी चक्क शेतातल्या फाळाच्या आकाराचा नांगर तयार केला. लहान बोटींवर तो आजही दिसतो.

इंजिन बंद पडलं की या लोखंडाची खरी किंमत कळते. वीज गेली तरी साखळी ओढणाऱ्या यंत्राचा, म्हणजे विंडलासचा, ब्रेक सैल केला की साखळी आपल्याच भारानं धडधडत खाली जाते. मात्र तिथं माणूस हवा. २०११ मध्ये ओमानजवळ खलाशांना सोडून द्यावं लागलेलं ‘पवित’ हे जहाज महिनाभर अरबी समुद्रात वाहत राहिलं आणि ३१ जुलैला थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. ‘बसरा स्टार’चं दुखणं वेगळं होतं. इंजिन बिघडलेलं हे जहाज रत्नागिरीजवळ नांगरून उभं होतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं, नांगर टिकला नाही आणि जहाज मिऱ्याच्या बंधाऱ्यावर आदळलं. माणसं वाचली. पुढच्या वर्षी तौक्ते वादळात ‘पी-३०५’ या बार्जवरच्या माणसांचं नशीब तसं नव्हतं. त्या बार्जला स्वतःचं इंजिनच नव्हतं. नांगर तुटले आणि सगळंच सुटलं. बार्जवर २६१ जण होते. सत्तरहून अधिक घरांत माणूस परतला नाही. ते दिवस आठवले की आजही पोटात कालवतं.

नांगर दोषी नव्हता. जहाजांच्या वर्गीकरण संस्थांच्या नियमांतच लिहिलेलं आहे की हा सरंजाम बंदरात किंवा आडोशाच्या पाण्यात तात्पुरतं थांबण्यासाठी असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. उघड्या समुद्रात, वादळात, बंद इंजिनाचं जहाज केवळ नांगराच्या भरवशावर ठेवणं म्हणजे बैलजोडीला डोंगर ओढायला लावणं. चालत्या जहाजालाही तो झटक्यात थांबवू शकत नाही. मार्च २०२४ मध्ये बाल्टिमोरला वीज गेलेल्या ‘डाली’नं नांगर टाकला होता, तरी तीनशे मीटरचं ते जहाज पुलावर गेलंच. पुलावर काम करणारे सहा मजूर मेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते.

म्हणून नांगर टाकून झाला तरी पहारा संपत नाही. जहाजाच्या वरच्या सुकाणू-कक्षातून दीपस्तंभाची दिशा पुन्हा पुन्हा पाहतात. ती बदलली तर जहाज सरकतंय. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, मात्र खलाशांचा म्होरक्या असलेला जुना सारंग साखळीवर हात ठेवतो. नांगर धरून असला की साखळी संथपणे ताणते, संथपणे ढिली होते. घसटू लागला की लोखंडातून थरथर येते, मध्येच हिसका बसतो. रुमण्यावर हात ठेवून चालणाऱ्या आमच्याकडच्या शेतकऱ्याला ती थरथर ओळखीची आहे. फाळ खडकाला लागला की तळहाताला आधी कळतं, बैल नंतर थांबतात.