कवडसा आणि सूर्याचा फोटो

दुपारची वेळ आहे. घरात अंधार आहे. आढ्याजवळचे एक कौल जरासे सरकले आहे. त्या फटीतून उन्हाची तिरीप आत येते. तिच्यात धुळीचे कण नाचतात. खाली सारवलेल्या जमिनीवर उजेडाचा एक गोल ठिपका पडतो. यालाच आपण कवडसा म्हणतो. मांजराचं पिल्लू त्याच्यावर झडप घालतं. रांगतं मूल त्याला मुठीत धरू बघतं.

आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. कौलाची फट असते वाकडीतिकडी. कधी तीन कोनांची, कधी चिरेसारखी. मग खाली पडणारा कवडसा गोल का?

मी शाळेत दर वर्षी हा प्रश्न मुलांना विचारीत असे. बहुतेक मुले गप्प बसत. कोणी म्हणे, "गुरुजी, उजेड गोलच असतो." तुम्हीही घटकाभर विचार करा. मग पुढे वाचा.

कवडसा गोल असतो, कारण तो फटीचा आकार नव्हे. तो सूर्याचा आकार आहे. तुमच्या घरात, तुमच्या जमिनीवर सूर्याचे चित्र पडलेले असते. झाडाखाली जा. कडुनिंबाच्या सावलीत उजेडाचे शेकडो गोल ठिपके दिसतील. पानांमधल्या फटी काही गोल नसतात. तरी ठिपके गोल. तेही सगळे सूर्यच.

हे कसे होते ते सांगतो. उजेड सरळ रेषेत चालतो. वळण घेत नाही. सूर्याच्या वरच्या कडेचा किरण भोकातून आत शिरला की खाली जातो. खालच्या कडेचा किरण वर जातो. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. भोकापाशी सगळे एकमेकांना ओलांडतात आणि पलीकडे चित्र तयार होते. ते उलटे असते. पण सूर्य गोल, म्हणून आपल्याला उलटसुलट कळत नाही.

कवडसा कधी लांबट दिसतो. कारण तिरीप तिरपी येते आणि जमीन असते आडवी. हातात पाटी घ्या. तिच्यावर पांढरा कागद चिकटवा. पाटी तिरपेच्या समोर नीट धरा. लांबट कवडसा लगेच गोल होतो.

आता थोडे गणित. घाबरू नका, सोपे आहे. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याची रुंदी सुमारे १४ लाख किलोमीटर आहे. म्हणजे सूर्य जितका रुंद आहे, त्याच्या सुमारे १०८ पट तो लांब आहे. कवडशालाही हाच हिशेब लागतो. भोक बारीक असेल आणि कवडसा भोकापासून ९ फुटांवर पडत असेल, तर ९ फूट म्हणजे १०८ इंच. कवडसा भरेल सुमारे एक इंच. टेप घेऊन मोजून पाहा. जपमाळेचे मणीही १०८ असतात, हे तुमच्या मनात आलेच असेल. माझ्याही आले होते. पण तो योगायोग समजावा.

कॅमेरा म्हणजे हेच. कॅमेरा या शब्दाचा मूळ अर्थ खोली असा आहे. अंधारी खोली, तिला एक भोक, आणि समोर चित्र झेलणारा पडदा. फरक एवढाच, की कॅमेऱ्याच्या भोकात भिंग बसवलेले असते. त्यामुळे चित्र ठसठशीत येते. आणि मागचा पडदा असा असतो, की पडलेले चित्र तिथे टिकून राहते. पूर्वी तिथे फिल्म असे. आता मोबाइलमध्ये उजेड टिपणारी एक चिमुकली पट्टी असते.

मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या वर्षीच एक जुना डब्याचा कॅमेरा विकत घेतला. एका फिल्मवर बारा फोटो निघत. बारा म्हणजे बाराच. म्हणून प्रत्येक फोटो काढण्याआधी मी दहादा विचार करी. वरच्या बाजूला दोन खुणा होत्या, एक उन्हाची आणि एक ढगाची. हवा बघून खूण लावायची. एवढ्यावर मी गावातली लग्ने, बैलपोळा, शाळेची कवायत असे सगळे टिपले. फोटो काढणे हा माझा धंदा नव्हता. हौस होती.

त्या कॅमेऱ्याने एकदा मी सूर्याचा फोटो काढला. फोटो धुऊन आला. पाहतो तो सूर्य मोहरीएवढासुद्धा नाही! मी खट्टू झालो. पुढे १०८ चा हिशेब कळला तेव्हा उलगडा झाला. त्या कॅमेऱ्यात भिंगापासून फिल्म जेमतेम तीन इंचांवर. तीन इंचांचा एकशेआठवा भाग तो केवढा असणार? मोबाइलमध्ये तर हे अंतर त्याहून फार कमी. म्हणून मावळतीचा मोठा तांबडा गोळा बघून आपण मोबाइल उचलतो आणि फोटोत मात्र एक टिकली येते. मोबाइल बिघडलेला नसतो.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला बरे वाटत नाही. पण सांगितले पाहिजे.

१६ फेब्रुवारी १९८० रोजी मोठे सूर्यग्रहण झाले. कर्नाटकात काही भागांत सूर्य पुरता झाकला गेला. आमच्या गावाकडे तो बराचसा झाकला. दुपारी गावात सामसूम होती. दारे बंद, रस्ते ओस. मी तेव्हा तरुण होतो, नोकरीचे दुसरे वर्ष होते. मी मुलांना म्हटले, "ग्रहण म्हणजे चंद्राची सावली. त्याला भिऊ नका." हे बरोबरच होते. पण पुढे केले ते चुकले. माझ्याजवळ फोटोंच्या जुन्या निगेटिव्ह होत्या. निगेटिव्ह म्हणजे धुतलेली काळपट फिल्म. मी कात्रीने तिचे तुकडे केले आणि मुलांना वाटले. म्हटले, "यातून बघा."

सातवीतला एक मुलगा सगळ्यांत जास्त वेळ बघत होता. हुशार मुलगा. त्याचे नाव सांगत नाही. त्याला काही दुखले नाही, खुपले नाही. हसत घरी गेला. सोमवारी शाळेत आला आणि म्हणाला, "गुरुजी, फळ्यावरचं अक्षर मधेच पुसलंय." मी फळ्याकडे पाहिले. अक्षर स्वच्छ होते.

तालुक्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, "डोळ्याच्या आतला पडदा भाजला आहे. याला औषध नाही. वाट बघा." काही महिन्यांनी एक डोळा बराचसा सुधारला. दुसऱ्यात मधोमध डाग राहिला तो राहिलाच. आज तो शेती करतो, नातवंडे आहेत. सुईत दोरा ओवायचा झाला तर बायकोला हाक मारतो. वाटेत भेटला की अजून वाकून नमस्कार करतो, "गुरुजी, बरं आहे ना?" म्हणतो. मला त्याच्या डोळ्यांकडे बघवत नाही.

असे का झाले? डोळासुद्धा कॅमेराच आहे. पुढे भिंग, मागे पडदा. लहानपणी भिंगाने उन्हात कागद जाळला आहे ना? तसेच डोळ्यातले भिंग सूर्याचा उजेड पडद्यावर एका जागी गोळा करते. तिथे पडणारे सूर्याचे चित्र मोहरीहून कितीतरी बारीक असते. पण ते पडते कुठे? आपण ज्याच्याकडे रोखून बघतो, त्याचे चित्र पडद्याच्या मधोमध पडते. अक्षर वाचतो तेही त्याच जागेने. तुम्ही आत्ता हे पान वाचताहात ते त्याच मोहरीएवढ्या जागेच्या बळावर. आणि त्या पडद्याला वेदना कळत नाही. हाताला चटका बसला तर आपण हात मागे घेतो. पडदा भाजत असतो आणि आपल्याला पत्ता नसतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी कळते.

निगेटिव्हने मग काय केले? तिने डोळे दिपवणारा उजेड कमी केला. त्यामुळे मुलगा डोळे न मिटता टक लावून बसला. पण सूर्याकडून न दिसणारे किरणही येतात. ते काळपट फिल्ममधून आत जाऊ शकतात. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा काळा चष्मा यांचेही तसेच. परातीत पाणी ओतून त्यात सूर्य बघण्याची आपल्याकडे चाल आहे. तिथेही टक लावू नये.

मग सूर्य बघायचाच नाही का? बघायचा. ग्रहण बघण्यासाठी मुद्दाम केलेले चष्मे मिळतात, ते चरा किंवा छिद्र पडलेले नसावेत. वेल्डिंगची १४ नंबरची काच चालते, त्याहून कमी नंबरची नाही. दुर्बिणीला किंवा मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्याला डोळा लावून सूर्याकडे कधी बघू नये. चष्मा घालूनसुद्धा नाही. तिथे गाळणी काच भिंगाच्या पुढच्या तोंडाला लावावी लागते, डोळ्याच्या बाजूला नव्हे. हे काम जाणत्या माणसाशेजारी बसूनच करावे.

पण खेड्यातल्या हौशी माणसाला फोटो काढायचा तर याहून सोपी आणि फुकटची वाट आहे. सूर्याकडे पाठ करायची.

एक पुठ्ठा घ्या. त्याला टाचणीने एक भोक पाडा. सूर्य पाठीमागे घेऊन उभे राहा. पुठ्ठा खांद्याजवळ उन्हात धरा. तीन फुटांवर सावलीत पांढरा कागद धरा. कागदावर हरभऱ्याएवढा सूर्य दिसेल. याहून मोठा हवा असेल तर हातातला लहान आरसा घ्या. त्याला कागद चिकटवा आणि मधे ज्वारीच्या दाण्याएवढे भोक ठेवा. आरसा बाहेर उन्हात विटांच्या आधाराने ठेवा आणि उजेड उघड्या दारातून आतल्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. आरशापासून भिंत तीस फुटांवर असेल तर तीन इंचांहून मोठा सूर्य भिंतीवर उभा राहील. पोरांना सांगा, मधे उभे राहून आरशाकडे बघायचे नाही. आता मोबाइल काढा आणि भिंतीवरच्या सूर्याचा फोटो घ्या. झाला सूर्याचा फोटो. थोड्या वेळाने चित्र भिंतीवरून सरकलेले दिसेल. ती पृथ्वीची फिरकी आहे.

ग्रहणाच्या वेळी तर मौज विचारू नका. पुठ्ठ्याऐवजी स्वयंपाकघरातली चाळण धरा. तिच्या प्रत्येक भोकातून एक कोर पडेल. अंगणात शेकडो कोरी! झाडाखालचे ठिपकेही कोरीसारखे होतात. चाळण नसेल तर एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांवर आडवी ठेवा. मधल्या फटी पुरतात.

सूर्याचा पहिला चांगला फोटो २ एप्रिल १८४५ रोजी फ्रान्समध्ये पॅरिस शहरात निघाला. फिझो आणि फूको या दोघा शास्त्रज्ञांनी तो काढला. त्यात सूर्यावरचे डागही उमटले होते. आपल्या मुलखाचाही या कामाशी जुना संबंध आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी कोकणच्या किनाऱ्यापासून विदर्भापर्यंत एका पट्ट्यात खग्रास ग्रहण दिसले. खग्रास म्हणजे सूर्य पुरता झाकला जातो ते. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर हे इंग्रज शास्त्रज्ञ आले होते. सोलापूर भागात जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला दुर्बिणी लावून बसले होते. आणि विदर्भात तळणीला आली होती ॲनी माँडर नावाची एक बाई.

या बाईची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती इंग्लंडात ग्रीनिचच्या वेधशाळेत सूर्याचे फोटो काढण्याच्या आणि डाग मोजण्याच्या कामावर होती. १८९५ साली लग्न झाले आणि तिला नोकरी सोडावी लागली. तिथे तेव्हा नियमच तसा होता. पण तिने सूर्य सोडला नाही. तळणीला ती आपल्या बेताने बनवलेला लहानसा कॅमेरा घेऊन आली. त्याचे भिंग अवघे दीड इंच रुंद. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटे टिकली. तेवढ्यात तिने सूर्याभोवतीच्या तेजाचे फोटो घेतले. हे तेज एरवी उन्हाच्या झगझगाटात दिसत नाही. तिच्या फोटोत त्या तेजाचा एक झोत सूर्यापासून लाखो मैल दूर गेलेला उमटला. इतका लांब झोत तोवर कोणाच्या फोटोत आला नव्हता. मोठमोठी यंत्रे लावून बसलेल्यांना जे साधले नाही, ते या हौशी बाईला दीड इंची भिंगाने साधले.

तामिळनाडूत कोडाईकनालच्या डोंगरावर १९०४ पासून सूर्याचे फोटो घेत आले आहेत. २ सप्टेंबर २०२३ रोजी भारताने आदित्य एल-१ हे यान सोडले. सूर्याकडे बघत राहणे हेच त्याचे काम. त्यावरचा एक कॅमेरा पुण्याच्या आयुका संस्थेने तयार केला. मोबाइलवर आदित्यने काढलेले फोटो नातवाकडून मागून जरूर पाहा.

रोजच्या फोटोंविषयी दोनच गोष्टी सांगतो, कारण त्यातही सूर्यच लागतो. माणसांचा फोटो भर दुपारी काढू नका. डोळ्यांखाली काळ्या खळग्या पडतात, सुनेची सासू दिसते! सकाळी नऊच्या आत किंवा उन्हे कलल्यावर काढा. ऊन तुमच्या पाठीशी किंवा एका बाजूला असू द्या. आणि आधी मोबाइलचे भिंग मऊ फडक्याने पुसा. खिशातल्या तंबाखूच्या पुडीशेजारी राहून ते मळते आणि आपण म्हणतो फोटो धुरकट आला. मावळतीचा फोटो काढायचा तर सूर्याकडे न बघता पडद्यावर बघा. पडद्यावरच्या सूर्यावर बोट टेकवा आणि उजेड कमी करा. पुढची बैलजोडी किंवा माड काळाभोर उठून दिसतो. सूर्य टिकलीएवढाच राहील, पण चित्र उठावदार येते.

यापुढे २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपार कलल्यावर आपल्या भागातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसायचे आहे. म्हणजे सूर्याचा काही भाग झाकला जाईल. तो काळ पावसाचा. आभाळ भरलेले असले तर काही दिसणार नाही. पण अर्ध्या तासासाठी जरी ढग फाटले, तरी पुरे. चाळण हाताशी असू द्या आणि अंगणात एक पांढरे धोतर अंथरून ठेवा.