हंगामाआधीचा पैसा

दसऱ्याला तमाशाचा फड बाहेर पडतो, तोवर फडमालकाचा मोठा खर्च होऊन गेलेला असतो. कलावंतांना उचल दिलेली असते. ट्रक, कनात, जनरेटर यांची डागडुजी झालेली असते. तिकिटाचा किंवा सुपारीचा रुपया हाती यायला मात्र अवकाश असतो. मधल्या काळात सावकार उभा राहतो आणि त्याचं व्याज बुद्धपौर्णिमेपर्यंतच्या साऱ्या हंगामातून फेडलं जातं. लोककलांच्या अनुदानाचा आढावा मी इथूनच सुरू करते. पैसा किती आला याइतकंच तो कधी आला हेही महत्त्वाचं आहे.

पूर्वीचा आश्रय गावाच्या दिनदर्शिकेला बांधलेला होता. सिंधुदुर्गात देवळाच्या जत्रेला दशावतार ठरलेला असे, आजही अनेक ठिकाणी आहे. पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चित्रकथीला सावंतवाडी संस्थानाचा आधार होता. नारायणगावात आजही चैत्राच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात आणि यात्रेच्या सुपाऱ्या ठरतात. कलावंताला आपली मिळकत कुठून आणि केव्हा येणार याचा अंदाज असे. राजाश्रय गेला, त्याच्या जागी योजना आल्या. हा अंदाज मात्र योजनांना देता आलेला नाही.

राज्यातली एक जुनी योजना वृद्ध साहित्यिक व कलावंतांच्या मानधनाची. 1954-55 पासून ती चालू आहे. तिच्यात राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशी प्रतवारी होती आणि दरमहा अनुक्रमे 3,150, 2,700 व 2,250 रुपये मिळत. 2024 मध्ये योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं, प्रतवारी गेली आणि सर्वांना सरसकट 5,000 रुपये झाले. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो. गावच्या यात्रेत उभी हयात घालवलेल्या सोंगाड्याला ‘स्थानिक’ म्हणून कमी देण्यात न्याय नव्हता. तरीही हे मानधन कला थांबल्यानंतरचं आहे. नुसत्या गौरवानेही भागत नाही. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांना 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. 2002 मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेल्याचं सगळ्या महाराष्ट्राला कळलं होतं. आज त्यांच्या नावाने राज्याचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो.

शिकण्याच्या काळासाठी पैसा देणारी योजना केंद्राची आहे. देशात सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रं आहेत. महाराष्ट्र उदयपूर आणि नागपूर अशा दोन केंद्रांत मोडतो. त्यांच्या गुरू-शिष्य परंपरा योजनेत दरमहा गुरूला 7,500, साथीदाराला 3,750 आणि शिष्याला 1,500 रुपये असा दर आहे. शिष्याचे दिवसाला पन्नास रुपये झाले. 2024-25 मध्ये रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाला 297 रुपये मिळत होते. ढोलकीवर हात बसायला वर्षं जातात. घरची चूल ज्याच्या कमाईवर पेटते, तो मुलगा इतक्यावर कसा थांबेल? वारसा खंडतो तो इथे, आणि दोष तरुणांच्या ‘अनास्थे’ला दिला जातो.

फडांसाठी, दशावतारी मंडळांसाठी, खडीगंमत आणि शाहिरी पथकांसाठी राज्याचं अनुदानही आहे. त्यासाठी नोंदणी हवी, हिशेब तपासलेले हवेत, प्रयोगांचे दाखले हवेत. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणं रास्तच आहे. पण बाजाची पेटी आणि कपड्यांच्या ट्रंका घेऊन रोज गाव बदलणाऱ्या माणसाने ही कागदपत्रं कुणाकडून करून घ्यायची? कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीनुसार पारंपरिक कलांचं संवर्धन कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चात बसतं. तिथेही पैसा जातो तो नोंदणीकृत संस्थेकडे. ज्याच्याकडे संस्था नाही, त्याच्याकडे नुसती कला उरते.

अमेरिकेत या अडचणीवर एक उपाय निघाला. तिथल्या राष्ट्रीय कलानिधीच्या लोककला विभागाची सूत्रं 1977 मध्ये बेस लोमॅक्स हॉज यांनी घेतली. राज्याराज्यांत लोककलेचे जाणकार नेमायला त्यांनी निधी दिला. हे लोक वस्त्यांमध्ये हिंडून कलावंत शोधत आणि त्यांना अर्ज करायला मदत करत. उस्तादाने एका शिष्याला शिकवावं यासाठीचं अर्थसाहाय्यही राज्यांमार्फत सुरू झालं. आपल्याकडे अर्ज मागवले जातात. कलावंताच्या दारी जाणारं माणूस मात्र नाही.

झाडीपट्टीचा अनुभव निराळा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेच्या आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने रात्र-रात्र नाटकं रंगतात. गडचिरोलीतल्या वडशात मंडळ्यांची कार्यालयं आहेत; गावचं मंडळ नाटक ठरवतं, तिकिटं विकतं, पाहुण्यारावळ्यांनी गाव भरतं. ही रंगभूमी प्रामुख्याने प्रेक्षकांच्या पैशावर जगते. म्हणून अनुदान नकोच, असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो पटत नाही. धान हातात आलेलं असताना हंगाम येतो, म्हणून तिथला हिशेब जमतो. हंगाम बुडाला की काय होतं ते करोनाने सगळ्यांनाच दाखवलं. 2021 मध्ये राज्याने एकल कलावंतांना एकरकमी 5,000 रुपये जाहीर केले, तेव्हा यात्रांचे दोन हंगाम हातचे गेले होते.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. शिष्याचं विद्यावेतन किमान रोजगार हमीच्या मजुरीइतकं असावं. तालुक्यात अर्ज, दाखले, हिशेब यांसाठी कलावंताच्या बाजूने उभा राहणारा एक पगारी कार्यकर्ता असावा. आणि फडांना बिनव्याजी खेळतं भांडवल श्रावणात मिळावं, हंगाम संपल्यावर वैशाखात त्याची परतफेड घ्यावी. सुरुवात नारायणगावच्या फडांपासून करता येईल: मागच्या चैत्रात कोणत्या फडाला किती सुपाऱ्या मिळाल्या हे तिथे ठाऊक असतं, त्यामुळे कर्ज बुडण्याचं भय सांगून बँकांना हात झटकता येणार नाहीत.