इंग्रजीसाठी वर्षभर परदेशात जावं का?

काल व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर एका तरुण गाईडने विचारलं, "भाऊ, वर्षभर बाहेर काम करून आलो तर इंग्रजी सुधरेल का?"

जंगल त्याला पाठ आहे. सांबराच्या अलार्म कॉलवरून तो वाघाची दिशा सांगतो. पण विदेशी पाहुण्याने 'कसं ओळखलं?' विचारलं की अडतो.

मी स्वतः असं वर्ष काढलंय, म्हणून सांगतो. पदवीधर तरुणांसाठी दोन रस्ते आहेत:

🐾 ऑस्ट्रेलियाचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा: वय १८ ते ३०, मुदत १२ महिने, भारतीयांना वर्षाला १,००० जागा. कामापुरतं इंग्रजी आधीच यायला हवं.

🐾 ब्रिटनची 'यंग प्रोफेशनल्स स्कीम': २०२३ पासून सुरू, वय तेच, मुदत २ वर्षं. खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात.

दोन्हीकडे निवड सोडतीने होते. नोकरी आधी ठरलेली लागत नाही. अर्ज सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरा. 'व्हिसा पक्का' म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

माझा अनुभव: पहिले तीन महिने आपल्याच मुलांसोबत राहिलो, हॉटेलात भांडी घासली. इंग्रजी तसूभरही हललं नाही. पुढे ग्राहकांशी बोलायचं काम मिळालं आणि जीभ सुटली. भाषा विमानाने येत नाही, रोज बोलावं लागल्याने येते.

म्हणून सुरुवात इथूनच करा. जुलै ते सप्टेंबर जंगलाचा कोअर भाग पर्यटनासाठी बंद असतो. तेव्हा रोज एक प्राणी निवडा आणि त्याच्यावर पाच मिनिटं इंग्रजीत मोठ्याने बोला.

काही शंका असेल तर बिनधास्त विचारा. माहीत आहे तेवढं नक्की सांगेन.