थकवा, इंधन आणि वाऱ्याचा आडोसा

मनालीहून लेहला निघालेल्या सायकलस्वारांपैकी एखादा घाटात अचानक गळपटतो, चिडतो, परत जाऊ म्हणतो. त्याची जिद्द कमी पडली असं म्हणणं अन्यायाचं आहे. स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजचा, साठा दोनेक तास जोर लावला की संपत येतो. मेंदूचं मुख्य इंधनही ग्लुकोजच, म्हणून मनही खचतं. चिक्की, केळं, थोडी विश्रांती, की तो सावरतो. वाटेतल्या मोरे पठारावर समोरून वारा आला तर थकलेल्याला मागे घ्यावं. पुढच्याच्या आडोशाला त्याची बरीच मेहनत वाचते. पुढे राहणारा मात्र आलटून पालटून बदलावा. तांगलांग ला खिंडीत, सुमारे ५,३०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तिथे वेग कमी करावाच लागतो. कुणाला डोकेदुखीसोबत उलट्या होऊ लागल्या, तर सगळ्या गटाने त्याला खाली न्यावं, लगेच.