बोटरंधा : हत्यार कोणाचे, विद्या कोणाची?

आपल्याकडे वाद्याचा इतिहास वाजवणाऱ्याच्या नावाने लिहिला जातो. घराणी गायकांची असतात, वादकांची असतात. ज्याने तंबोऱ्याचा भोपळा कापला, तबलीचे लाकूड तासून पातळ केले, त्याचे नाव मैफिलीत क्वचितच निघते. त्या कारागिराच्या हातातले हत्यार कोणी घडवले, हा प्रश्न तर विचारण्याच्या लायकीचाही मानला जात नाही. हा लेख अशाच एका हत्याराविषयी आहे. दोन बोटांच्या चिमटीत मावणारा हा लाकडी रंधा आहे. या लेखापुरते त्याला मी बोटरंधा म्हणेन.

माझी या हत्याराशी ओळख पुस्तकातून झाली नाही. माझे वडील दारव्ह्यात आरागिरणीवर हमाली करत. ओंडके वाहणे, फळ्या रचणे, मोठी करवत ओढणे ही त्यांची कामे. शेजारी सुतारकाम चाले. तिथे करवत ओढायला त्यांचे हात चालत, रंध्याला मात्र चालत नसत. एकदा त्यांनी कुतूहलाने रंधा उचलला, तर तो त्यांच्या हातातून काढून घेतला गेला आणि पाण्याने पुसला गेला. हे मी लहानपणी ऐकले होते. त्याचा अर्थ कळायला पदवी घ्यावी लागली.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीचे जुने व्हायोलिन टेम्पोतून पडले. भीमजयंतीला दरवर्षी वाजणारे ते वाद्य. त्याची पुढची पाटी उभी चिरली. दुकानदार म्हणाला, फेका, नवे घ्या. पार्टीकडे पैसे नव्हते. वडील आणि मी मिळून नवी पाटी करायची ठरवली, आणि तिथे गाडी अडली.

व्हायोलिनची पाटी सपाट नसते. ती पालथ्या ताटासारखी मधे फुगीर असते, आणि आतून तशीच खोलगट. सुमारे साडेपस्तीस सेंटिमीटर लांबीच्या या पाटीची जाडी अडीच ते तीन मिलिमीटरच ठेवावी लागते. जाड राहिली तर ती कंप पावत नाही, आवाज कोंडतो. फार पातळ झाली तर तारांच्या दाबाने खचते. फुगवटा आधी गोल पटाशीने काढतात, पण पटाशी खाचखळगे ठेवते. नेहमीचा सुतारी रंधा इथे निकामी ठरतो. त्याचे बूड सपाट आणि लांब असल्यामुळे तो फुगवट्यावर डुलतो, खोलगट भागात तर शिरतच नाही. पॉलिश पेपर घासत बसलो तर दिवस जातात आणि जाडी कुठे किती उतरली याचा हिशेब राहत नाही. म्हणून ज्याचे बूड लांबीत आणि रुंदीतही गोलसर आहे, जे वाडग्याच्या पोटातही फिरू शकते, असे चार-पाच सेंटिमीटरचे हत्यार लागते. तोच बोटरंधा. तो विकत मिळतो, पण त्याची किंमत ऐकून आम्ही गप्प बसलो. मग तो घरीच केला. कसा केला ते सविस्तर सांगतो, कारण ज्याला करायचा आहे त्याला करता आला पाहिजे.

लाकूड बाभळीचे घेतले. आमच्या जिल्ह्यात सागवान पुष्कळ, पण रंध्याचे बूड सतत घासले जाते; त्यासाठी बाभूळ अधिक चिवट. नांगर-वखराला ती उगीच वापरत नव्हते. मात्र लाकूड पुरते वाळलेले आणि गाभ्याचे हवे. पाच सेंटिमीटर लांब, तितकेच नव्हे पण जवळपास अडीच सेंटिमीटर रुंद आणि अडीच उंच असा ठोकळा घ्यायचा. एवढ्या लहान ठोकळ्यात पटाशीने भोक कोरणे अवघड, लाकूड फुटते. त्यापेक्षा सोपी युक्ती अशी की दोन्ही बाजूंनी अर्ध्या सेंटिमीटरच्या दोन चकत्या उभ्या कापून काढायच्या. मधला जो तुकडा उरतो तो पात्यापेक्षा केसभर रुंद असावा. आता या मधल्या तुकड्याचे दोन भाग करायचे. मागच्या भागाला पंचेचाळीस अंशांचा उतार द्यायचा, त्यावर पाते टेकणार. पुढच्या भागाला उलट उतार, म्हणजे निघालेली साल वर यायला वाट राहते. हे दोन भाग चकत्यांच्या मधे पुन्हा बसवून सरसाने किंवा फेव्हिकॉलने चिकटवायचे. खाली दोन्ही उतारांच्या मधे जी फट राहते ते रंध्याचे तोंड. ते एक मिलिमीटरपेक्षा कमी ठेवावे, कारण पुढे बूड घासताना ते आपोआप रुंदावते. तोंड मोठे झाले की लाकूड कापले जाण्याऐवजी फाटते.

पात्याच्या वर, दोन्ही चकत्यांतून आडवा एक तीन मिलिमीटरचा खिळा घालायचा. खिळा आणि पाते यांच्या मधे बाभळीचीच बारीक पाचर ठोकली की पाते पक्के बसते.

पाते जुन्या झिजलेल्या कानशीचे केले. कानशीचे पोलाद उत्तम असते, पण फार कडक. ती आधी लाल तापवून राखेत हळूहळू थंड करावी लागते, म्हणजे मऊ होऊन कापता-घासता येते. आकार दिल्यावर पुन्हा तापवायची. लोहचुंबक चिकटेनासे झाले, की त्याहून थोडे अधिक तापवून तेलात बुडवायची. आता ती काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. म्हणून तिला घासून चकचकीत करून शेवटचा हलका ताव द्यायचा. पृष्ठभागावर वाळल्या कडब्यासारखा फिका पिवळा रंग धरला, म्हणजे उष्णता सव्वादोनशे अंशांच्या आसपास आली, की लगेच थंड करायची. लोहार याला पाणी देणे म्हणतात. अंश मोजणारे यंत्र नसताना केवळ रंगावरून हे ओळखणारी माणसे अडाणी ठरवली गेली, हेही इथे नोंदवून ठेवतो.

बूड कानशीने गोल करायचे, रुंदीत जरा जास्त, लांबीत बेताने. गोलाईचा सर्वांत खालचा बिंदू बरोबर तोंडापाशी यायला हवा, नाहीतर पाते लाकडाला टेकणारच नाही. पात्याची धारही बुडाच्या गोलाईशी जुळावी लागते. इथे एक फसगत आहे. पाते तिरपे बसलेले असल्याने बुडाची गोलाई जशीच्या तशी पात्यावर उतरवली तर ती जुळत नाही. पात्यावरची गोलाई अधिक खोल लागते. गणित येत असेल तर मांडावे. न येणाऱ्यासाठी उपाय असा : पाते जागेवर बसवून थोडे बाहेर काढायचे, बुडाच्या कडेकडेने त्यावर टोकदार खिळ्याने रेघ ओढायची, आणि त्या रेघेपर्यंत घासायचे. मी गणित मांडत बसलो होतो. रेघेची युक्ती वडिलांना सुचली.

हत्यार तयार झाले. पाते पुढे हवे तर त्याच्या वरच्या टोकावर, मागे हवे तर ठोकळ्याच्या पाठीवर हलके ठोकायचे. मी रंधा चालवायला घेतला आणि पहिल्याच हाताला लाकूड उचकटले. वडील म्हणाले, "बाबू, अगोदर रेषा पाह्य. लाकूडच सांगते कोन्या अंगानं जा लागते थे." फुगवट्यावर लाकडाच्या रेषांची दिशा चढावर एक आणि उतारावर दुसरी असते. रंधा नेहमी उंचवट्याकडून खोलाकडे न्यायचा आणि माथा ओलांडला की हात फिरवायचा. तीस वर्षे ओंडके वाहणाऱ्या माणसाला हे ठाऊक होते. त्यांनी फळ्या वाहिल्या होत्या तशा वाचल्याही होत्या. पण त्या वाचनाची परीक्षा कुठे झाली नाही, की प्रमाणपत्र मिळाले नाही.

आता कोणी म्हणेल, ज्याच्या जातीचे जे काम त्यात त्याचा हात बसतो, म्हणूनच वाद्ये करणारी घराणी टिकली. या युक्तिवादाला महाराष्ट्रातलेच उत्तर आहे, ते मिरजेचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब आणि मोइनुद्दीन या भावांनी तंतुवाद्ये करायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. राज्ये गेली, तलवारींना काम उरले नाही. मिरज संस्थानात संगीताला आश्रय होता, आणि या हातांनी तलवार सोडून सतार धरली. तुणीचे लाकूड, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, यांतून मिरजेची सतार आणि तंबोरा उभा राहिला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. लोखंडाला धार लावणारा हात लाकडाला सूर लावू शकला. मग कौशल्य रक्तात असते हे कसे म्हणायचे? त्याला हत्यार मिळाले, शिकायची संधी मिळाली, मालाला गिऱ्हाईक मिळाले, म्हणून ते वाढले. माझ्या वडिलांना यातले पहिलेच मिळाले नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त श्रमविभागणीच्या नावाने केला जाणारा जातीचा बचाव खोडून काढला. कामे वाटली गेली असती तर तक्रार नव्हती. इथे काम करणारी माणसेच वेगळी काढून उतरंडीत बसवली गेली. त्या उतरंडीचा एक परिणाम आपण कमी बोलतो. तिने ज्ञानाचे तुकडे केले. ढोलकीचे कातडे कमावणारा एक, खोड कोरणारा दुसरा, वाजवणारा तिसरा, आणि त्यावर ग्रंथ लिहिणारा चौथा, ज्याने यातले काहीच हाताळले नाही. चौघांची विद्या एकत्र आली असती तर आपल्याकडे वाद्यनिर्मितीचे शास्त्र उभे राहिले असते. इटलीत क्रेमोना गावी, १७३७ साली वारलेल्या स्ट्राडिव्हारी या व्हायोलिन करणाऱ्याचे साचे आणि अवजारे संग्रहालयात जपून ठेवली आहेत. आपल्या गावच्या ढोलकी करणाऱ्याची पटाशी त्याच्या माघारी भंगारात जाते.

म्हणून माझी कार्यकर्त्यांना आणि शिक्षक मित्रांना एक सूचना आहे. आपण कविता जमवतो, आत्मकथने लिहितो, जलशांचा इतिहास शोधतो. त्याबरोबर वस्तीतली हत्यारेही पाहावीत. कोणते हत्यार कशासाठी, ते कोणी केले, पात्याला पाणी कसे दिले, हे मापांसह लिहून काढावे. विद्यार्थ्यांना एखादे करायलाही लावावे. रापी, आरी, पटाशी ही लाजेची चिन्हे म्हणून लपवू नयेत. पण ती जातीचा वारसा म्हणून मिरवण्याचेही कारण नाही. ज्याला शिकायचे त्याने शिकावे आणि ज्याला सोडायचे त्याने सोडावे. हे दोन्ही अधिकार मिळाले तरच हत्यार जातीतून सुटते.

व्हायोलिनची पाटी तुणीची केली. मूळची पाटी परदेशी स्प्रूस लाकडाची होती, तसा आवाज आला नाही. थोडा जाड, घोगरा आला, पण जयंतीला वाद्य वाजले. तो बोटरंधा वडिलांच्या खिशात असतो. माझ्या महाविद्यालयातली मुले घरी येतात तेव्हा ते तो बाहेर काढतात, आणि ज्याचा हात पुढे येईल त्याच्या हातात देतात.